कर्णिककाकांचं नाक

कर्णिककाका वाईन स्टीलच्या फुलपात्रातून प्यायचे. कारण एकच, काचेला भांड्यांच्या साबणाचा वास राहतो. यावर वाद घालायची सोय नव्हती. शहाडजवळच्या एका साबणाच्या कारखान्यात त्यांनी तीस वर्षं वास तपासायचं काम केलेलं. चंदन कमी पडलं की लिंबू जास्त झालं, हे ठरवणारं नाक त्यांचंच.

लग्नानंतर मी आणि मंदार ठाकुर्लीला राहायला गेलो, तेव्हा ते आमचे शेजारी होते. काकू जाऊन दोन वर्षं झालेली. रविवारी सकाळी अकराला काका मधल्या भिंतीवर टकटक करायचे आणि आम्ही दोघं अनवाणीच त्यांच्याकडे हजर व्हायचो.

बाटली नेहमी स्वस्तातली. "महाग वाईनला कुणीही छान म्हणेल. स्वस्तातली ओळखायला माणूस लागतो." ती ते कापडी पिशवीतून आणायचे, वर मेथीची जुडी ठेवून, सोसायटीत कळू नये म्हणून. गेटवरचा वॉचमन सरळ विचारायचा, "काका, आज मेथी लाल की पांढरी?"

मी घोट घ्यायला गेले की ते हात आडवा घालायचे. "थांब गं. आधी नाकाला विचार." मग डोळे मिटून हुंगायचे आणि निकाल द्यायचे. एका लाल वाईनला म्हणाले, "ही म्हणजे मुलीकडचा मामा. बडबड फार, कामाला शून्य." एका पांढरीला म्हणाले, "टिटवाळ्याची नवी बिल्डिंग. रंग छान, पाणी अजून आलेलं नाही." आम्ही आता तिथेच राहतो. पाणी येतं, एक दिवसाआड.

मला त्या सगळ्या वाईन सारख्याच लागायच्या, मंदारला खोकल्याच्या औषधासारख्या. पण रविवार आम्ही कधी चुकवला नाही.

एका हिवाळ्यात काका आठवडाभर तापाने पडले. मी पेज घेऊन जायचे. ते बरे झाले, रविवार पुन्हा सुरू झाले. फक्त निकाल मवाळ झाल्यासारखे वाटले. कुठलीही बाटली आणा, छानच.

मग तो रविवार. काकांनी कोथिंबीरवड्या तळायला टाकल्या, गॅस बारीक केला आणि बाहेर येऊन फुलपात्र हातात घेतलं. डोळे मिटले.

"वाळलेला गुलाब," ते म्हणाले. "आणि त्याच्या मागे, अगदी हळूच, वेलची."

स्वयंपाकघरातून करपल्याचा वास यायला लागला. काका उठतील म्हणून मी थांबले. मंदारने माझ्याकडे पाहिलं. काका हुंगतच होते.

"नाही, वेलची नाही. जायफळ."

मी उठून पळाले. वड्यांचा कोळसा झालेला, कढईतून धूर निघत होता. गॅस बंद करून खिडकी उघडली आणि वळले, तर काका दारात उभे. धूर बघून त्यांचा चेहरा पडला.

"काका, कधीपासून?"

"तापापासून. काहीच येत नाही."

"मग हे गुलाब, जायफळ?"

"जुनं सगळं पाठ आहे गं." मग कढईकडे बघत म्हणाले, "सांगितलं असतं तर तुम्ही कशाला आला असतात?"

"तुमच्यासाठी. वाईन इथे आवडते कुणाला? मंदार तर श्वास रोखून पितो."

ते हसले, पण ओशाळून. मग हळू आवाजात म्हणाले, "एक काम करशील माझं?"

ते मला आतल्या खोलीत घेऊन गेले आणि काकूंचं कपाट उघडलं. साड्या घड्या घालून जशाच्या तशा होत्या.

"रोज सकाळी हे उघडून मी जरा वेळ उभा राहायचो. आता काही कळतच नाही. तिचा वास अजून आहे की गेला, तेवढं बघून सांग. आणि खरं सांग हं, मला बरं वाटावं म्हणून नको."

मी दोन साड्यांच्या मधे चेहरा घातला. आधी नुसत्या डांबरगोळ्या. मग त्यांच्याखाली वाळा, थोडी पावडर, आणि कुणीतरी नुकतंच न्हाऊन बाहेर यावं तसं काहीतरी.

"आहे, काका."

"नक्की?"

"नक्की. वाळ्याचा आहे."

"अगं मग लाव, लाव ते दार," काका म्हणाले. "उगाच उडून जायचा."