जास्वंदीचं गुलाबी तीर्थ

बँकेत जन्मभर सह्या केलेल्या शरच्चंद्रकाकांनी निवृत्त झाल्यावर जाहीर केलं, "आता मी जलरंगात फुलं रंगवणार! फोटो बघून नाही हं, बागेत समोर बसून!"

त्यांचे मेहुणे भय्यासाहेब शाळेत चित्रकला शिकवायचे. ते खो खो हसले. "भावजी, आपल्या मराठी समाजाच्या चित्रप्रदर्शनात तुमचं फूल मी ओळखलं ना, तर भर हॉलमध्ये चित्रापुढे वाकून नमस्कार करीन!"

काकांना मिरच्या झोंबल्या. आता तो नमस्कार मिळाल्याशिवाय त्यांना घास गोड लागेना.

पण नानाखेड्यातल्या त्यांच्या कॉलनीत फूल झाडावर टिकेल तर ना! उजाडलं की सगळे पिशव्या घेऊन पूजेची फुलं तोडत फिरायचे, आणि त्यात सर्वांत पुढे काकांच्याच अहल्याकाकू! चित्र द्यायच्या शेवटच्या दिवशी काकांनी अंधारातच उठून कोपऱ्यातली एकुलती एक जास्वंद राखली.

आदल्या दिवशी त्यांनी काकूंचा चहाचा कप निळा करून ठेवला होता. त्यामुळे काकूंनी बजावलं होतं, "स्वयंपाकघरातलं भांडं घेतलंत तर बघा! आणि चांगले कपडेसुद्धा नाही!" म्हणून काकांनी ब्रश धुवायच्या पाण्यासाठी देवघरातलं जुनं पंचपात्र आणि पळी उचलली, पूजेचा फाटका लाल मुकटा नेसला आणि झाडासमोर पाट मांडला. महाकालाच्या गावात असा माणूस दिसला की लोक काय समजणार, हे तुम्हीच सांगा!

कागदावर ओला गुलाबी रंग पसरला. आता तो वाळायच्या आत पाकळी संपवायची होती. बोलायला फुरसत कुठली! तेवढ्यात शेजारच्या अलकाताई फुलांची पिशवी घेऊन आल्या.

"काका, अनुष्ठान चालू केलं का?"

काकांनी मान न वळवता हात वर केला. म्हणजे, "लांब व्हा!"

"अय्या, मौन आहे! आणि आशीर्वाद पण दिला!" अलकाताईंनी पंचपात्रातलं पळीभर पाणी ओंजळीत घेतलं आणि भक्तिभावाने प्यायल्या. जीभ बाहेर काढून मोबाइलमध्ये बघतात तो काय, गुलाबी! "देखो देखो! तीर्थानं जीभ रंगली! जल्दी या सगळे!"

झालं! कुणी आंघोळ अर्धी टाकून आलं, कुणी कुकर बंद करून. काका जितका जोरात हात हलवत तितके लोक खाली वाकत. पंचपात्र रिकामं झालं. कुणीतरी कागदावरच हळदीकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. रंग ओला, सगळं चिकटून बसलं!

"अहो, काय करताय!" काका शेवटी ओरडले.

"मौन सुटलं!" अलकाताई गहिवरल्या. वाहायला फूल हवं म्हणून त्यांनी पटकन हात लांबवला आणि समोरची ती एकुलती एक जास्वंद तोडून काकांच्या पायांवर वाहिली.

काकांना रडूच यायचं बाकी राहिलं. पण नमस्काराचा मोह सुटेना. त्यांनी हळद झटकली, ती आणखी पसरली. कुंकवात पुंकेसर शोधले, अक्षतांना दवबिंदू ठरवलं आणि चित्र तसंच देऊन आले. भय्यासाहेबांची परीक्षा बघायची म्हणून खाली नावही लिहिलं नाही.

प्रदर्शनाच्या संध्याकाळी काका खांबाआड उभे राहिले. भय्यासाहेब एकेक चित्र बघत आले आणि काकांच्या कागदापुढे थबकले. चष्मा पुसून पुन्हा निरखलं. मग चपला काढल्या आणि भर हॉलमध्ये वाकून नमस्कार केला!

काकांची छाती फुगली. ते धावतच पुढे आले. "ओळखलंत ना, भय्यासाहेब?"

"न ओळखायला काय झालं! पूजेतलं यंत्र आहे, भावजी. इतकं कुंकू वाहिलंय, जागृत दिसतंय. कुठल्या देवीचं ते तेवढं नाही कळलं." भय्यासाहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. "आणि तुमचं फूल कुठंय?"

"घरीच राहिलं," काका म्हणाले, आणि चपला काढून त्यांनीही मुकाट्याने हात जोडले.