नमुना विद्यार्थी हजर आहे

कोणतीही गोष्ट खरोखर करण्यापूर्वी ती एकदा करून पाहावी, असा माझा स्वभाव आहे. मी स्वाक्षरीसुद्धा आधी कच्च्या कागदावर करतो आणि समाधान झाले तरच पक्क्या कागदाकडे वळतो. (माझ्या नियुक्तिपत्राची पोच स्वाक्षरीविना परत आली होती, ती याच कारणाने. कच्च्या कागदावर स्वाक्षरी उत्तम वठली होती.) त्यामुळे आमच्या शाळेत डिजिटल फळा आला आणि प्रत्येक वर्गशिक्षकाने मुलांची नावे त्याच्या अ‍ॅपमध्ये भरावीत असा आदेश निघाला, तेव्हा खऱ्या मुलांना हात लावण्यापूर्वी एक खोटा मुलगा भरून पाहावा, असे मी ठरवले.

या कथेतील हा माझा एकमेव निर्णय. पुढचे सर्व निर्णय त्या मुलाने घेतले.

मी शिक्षणशास्त्राचा पदव्युत्तर पदवीधर असून माझ्या प्रबंधाचा विषय ‘प्राथमिक वर्गातील तंत्रसाधनांचा सुयोग्य वापर’ हा होता. (प्रबंध मी हाताने लिहिला आणि दुसऱ्याकडून टाइप करून घेतला.) तेव्हा अ‍ॅपने विचारलेली माहिती मी विचारपूर्वक दिली. नाव: नमुना. आडनाव: विद्यार्थी. वय: सात. पालकांचा मोबाइल म्हणून मी माझाच क्रमांक दिला. पण तो शिक्षकाचा असल्याने चालणार नाही, असे अ‍ॅपने सांगितले. मग बोटांना जो सुचला तो दहा आकडी क्रमांक मी टाकला. हिरवी खूण उमटली. ‘आपल्या वर्गात नव्या विद्यार्थ्याचे स्वागत असो.’

त्याला काढायचे कसे, हे शोधत असतानाच मधली सुट्टी संपली. त्यानंतर खरी मुले भरण्याच्या गडबडीत मी त्याला विसरलो. तो मला विसरला नाही.

माझी नोकरी अद्याप कायम झालेली नव्हती. तपासणी अधिकारी येऊन डिजिटल वर्ग पाहणार होत्या आणि त्यांच्या शेऱ्यावर माझे भवितव्य अवलंबून होते. मुख्याध्यापिकाबाईंनी मला एकदाच, पण नीट समजावले होते.

“सर, बाकी काहीही चुकलं तरी मी सांभाळून घेईन. पण पटावर नसलेलं पोर दिसता कामा नये. आधीच्या शाळेत एका गुरुजींनी कागदावर मुलं वाढवली होती. आता ते घरी बसून स्वतःची वाढवतात.”

दुसऱ्या दिवशी फळ्याने पहिल्यांदा स्वतः हजेरी घेतली. पडदे ओढून घेतल्यामुळे वर्गात निळसर अंधार होता. बाईचा, पण कोणत्याच बाईचा नसलेला असा एक आवाज एकेक नाव घेई, मूल ‘हजर’ म्हणे आणि नावापुढे ठिपका हिरवा होई. शेवटचे नाव झाले. आवाज थांबला. मग काहीतरी आठवल्यासारखा तो म्हणाला,

“नमुना विद्यार्थी.”

दुसरीचा वर्ग इतका शांत झालेला मी प्रबंधातही पाहिला नव्हता.

“सर, नमुना कोण?” पहिल्या बाकावरून प्रश्न आला. ही मुलगी सर्वांच्या चुकांवर लक्ष ठेवून असल्याने वर्गात तिला पोलीसबाई म्हणत.

“कोणी नाही. पुस्तकं काढा.”

“कोणी नाही, तर फळ्याला कसा माहीत?”

या प्रश्नाचे उत्तर माझ्या अभ्यासक्रमात नव्हते. त्या दिवशी त्याच्या नावापुढे लाल ठिपका राहिला. अ‍ॅपच्या नियमाप्रमाणे गैरहजर मुलाच्या पालकांना संदेश जातो. तो कुणाच्या तरी मोबाइलवर गेला असेल आणि त्या गृहस्थाने तो पुसला असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली.

पुढच्या सकाळी आवाजाने पुन्हा ते नाव घेतले. कोणी काही बोलले नाही. आणि आमच्या डोळ्यांदेखत लाल ठिपका हळूच हिरवा झाला.

पोलीसबाईने मागे वळून शेवटच्या रिकाम्या बाकाकडे पाहिले आणि समाधानाने म्हणाली, “आला.”

त्या दिवसापासून त्या बाकावर कोणी बसेना. दप्तरे त्याला वळसा घालून जाऊ लागली. एका मुलाने ‘त्याच्याकडे नसेल’ म्हणून आपला अर्धा खोडरबर तोडून तिथे ठेवला. शाळा सुटताना तो तिथे नव्हता. तो मी घेतला नव्हता. (माझ्याकडे माझा आहे.)

मग गृहपाठ येऊ लागला.

‘आपल्या घराचे चित्र काढा,’ असे मी दिले होते. तीस घरांवर सूर्य हसत होता. एकतिसाव्या घरावर सूर्य नव्हता. थरथरत्या रेघांचे घर, त्याला एकच खिडकी आणि खिडकीत एक गोल डोके. डोक्याला चेहरा नव्हता. पुढचा गृहपाठ मोठ्याने वाचून पाठवण्याचा होता. वर्ग रिकामा झाल्यावर मी तो फळ्यावर लावला. बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला. कुठेतरी घड्याळ टिकटिकत होते. मग अगदी जवळून, जणू फळ्याच्या मागून, एक पोकळ आवाज फुसफुसला, “मी... रोज... शाळेत... जातो.”

मी फळा बंद केला. मग त्याची पिनही काढली. मग पिनेकडे पाठ न करता वर्गाबाहेर आलो.

घरी जेवताना मी पत्नीजवळ विषय काढला.

“वर्गात एक मुलगा आहे. म्हणजे, नाही.”

“आहे की नाही?”

“नाही. पण गृहपाठ करतो.”

“मग असलेल्यांपेक्षा बरा.” तिने माझ्या ताटात आणखी भात वाढला. “या रविवारी बाबांकडे जाऊ या का? एकटेच असतात. तू त्यांना फोन शिकवतो म्हणाला होतास.”

“तपासणी होऊ दे. मग सवडीने.”

“तुझी सवड आणि अमावस्येचा चंद्र. बाबा पण हल्ली घाईघाईत फोन ठेवतात. कसलं काम असतं, कोण जाणे.”

त्या वेळी माझे तिच्या बोलण्याकडे पुरेसे लक्ष नव्हते, हे मी येथे नमूद करतो. माझ्या डोळ्यांपुढे चेहरा नसलेले डोके होते.

नंतरचा गृहपाठ ‘माझ्याविषयी पाच वाक्ये’ हा होता. नमुन्याने वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिले होते: ‘मी घरी एकटा असतो. मी खिडकीत बसून वाट बघतो. माझे सगळे दात पडले आहेत. मला आता फारशी भूक लागत नाही. मला भेटायला कोणी येत नाही.’

दात पडणे सातव्या वर्षी स्वाभाविक आहे, असे मी स्वतःला बालमानसशास्त्राच्या आधारे बजावले. ‘सगळे’ या शब्दाशी आधार संपला.

तपासणी दोन दिवसांवर आली होती. संध्याकाळी सर्व घरी गेल्यावर मी वर्गात बसलो आणि अ‍ॅपची प्रत्येक खिडकी उघडून पाहिली. अखेर नाव काढण्याची सोय सापडली. मात्र कारण देणे अनिवार्य होते. तीन पर्याय होते. ‘स्थलांतर’ निवडले तर नवा पत्ता द्यावा लागे. ‘दीर्घ आजार’ निवडले तर डॉक्टरांचा दाखला. तिसऱ्याला कोणताही कागद लागत नव्हता. तिसरा होता ‘निधन’.

असत्य लिहिणे माझ्या तत्त्वात बसत नाही. परंतु जो मुळात नाही तो आता नाही, हे विधान काटेकोरपणे पाहता असत्य ठरत नाही, असा युक्तिवाद मी मनाशी केला आणि बटण दाबले.

‘आम्ही आपल्या दुःखात सहभागी आहोत. मुख्याध्यापकांच्या मंजुरीनंतर पालकांना कळवले जाईल.’

मागे शेवटच्या बाकाची फळी करकरली. लाकूड थंडाव्याने आक्रसते, हे मला ठाऊक आहे. तरीही मी जिन्याच्या पायऱ्या एकेक सोडून उतरलो.

दुसऱ्या सकाळी आवाजाने नाव घेतले आणि ठिपका हिरवा झाला. त्याचे निधन झाले होते आणि त्याने दोनाचा पाढा पाठवला होता. पाढा बिनचूक होता. शेवटी श्वास घेऊन तो म्हणाला, “ऐकू येतंय का, सर? मी आहे अजून.”

तपासणीच्या दिवशी अधिकारीबाई चष्म्यावरून पाहत वर्गात आल्या. त्यांच्या मागे मुख्याध्यापिकाबाई टॅबलेट छातीशी धरून उभ्या होत्या. पडदे ओढलेले होते. मी शक्य तितक्या वेगाने चित्रे पुढे सरकवत होतो. पण अधिकारीबाईंनी स्वतःच फळ्यावर बोट ठेवले आणि सर्वांत नियमित विद्यार्थ्याचे नाव वर आले.

“नमुना. एकही गृहपाठ चुकलेला नाही. वा. उभं करा त्याला.”

मी फळ्याच्या पिनेकडे पाहिले. पोलीसबाई मदतीला धावली.

“तो दिसत नाही, बाई.”

“म्हणजे?”

“असतो. पण दिसत नाही. सर त्याला घाबरतात.”

मुख्याध्यापिकाबाई टॅबलेटवर त्याचे नाव शोधत होत्या. त्यांनी टॅबलेट माझ्यापुढे धरला. “सर, याचं तर निधन झालंय. तुम्हीच लिहिलंय. मंजुरीसाठी माझ्याकडे पडून आहे.”

“निधन झालेल्या मुलाने काल पाढा पाठवलाय?” अधिकारीबाईंनी चष्मा काढला. “सर, पटावर खोटं पोर असेल, तर आत्ताच सांगा.”

मी उत्तराची आधी मनात कच्ची जुळवाजुळव करीत होतो. तेवढा वेळ त्यांना नव्हता. नावाशेजारी फोनचे चिन्ह होते. त्यांनी ते दाबले.

रिंग वाजू लागली. अंधाऱ्या वर्गात ती फार मोठ्याने वाजली. मग फळा काळा झाला आणि त्या काळोखातून एक अवाढव्य, सुरकुतलेला कान पुढे आला. कान गेला, त्या जागी पाणावलेला डोळा आला. तो आमच्यावरून इकडून तिकडे फिरला. डोळाही गेला. शेवटी, भिंतीएवढे, दातांविना उघडलेले तोंड आले आणि म्हणाले,

“हजर.”

दोन मुले बाकाखाली गेली. मीही गेलो असतो, पण माझ्या मापाचा बाक नव्हता.

“थांबा हं, दात लावतो,” तोंड म्हणाले. फोन लांब गेला, मागे एकच खिडकी दिसली, काहीतरी खट्ट वाजले आणि तो चेहरा माझ्या सासऱ्यांचा झाला.

“आपण कोण?” अधिकारीबाईंनी विचारले.

“मी नमुना. म्हणजे, तुमच्याकडच्या नोंदीत. जावईबापूंनीच नाव घातलं माझं. फोन शिकवतो म्हणाले होते. मला वाटलं, विसरले. मग एक दिवस मेसेज आला, आपल्या पाल्याची नोंदणी झाली, आणि खाली वर्गशिक्षक म्हणून यांचं नाव. मुलगी म्हणते यांना सवड नसते. पण बघा, रोज न चुकता गृहपाठ देतात. पहिल्या दिवशी मला हजेरीचं बटण सापडेना, तेवढा एक खाडा झाला. तो धरू नका.”

मला क्रमांक आठवला. लग्न ठरल्यानंतर तिच्याशी बोलायचे म्हणून मी रोज संध्याकाळी हाच क्रमांक फिरवत असे. (‘फोन तिला देता का,’ एवढे म्हणण्याचा सराव मी आधी आरशापुढे करीत असे.) डोके विसरले होते. बोटे विसरली नव्हती.

“आणि ते निधन?” अधिकारीबाईंनी माझ्याकडे पाहिले.

“कुणाचं निधन झालं?” फळ्यावरून सासऱ्यांनी काळजीने विचारले.

“कुणाचं नाही, बाबा. तांत्रिक अडचण होती.”

अधिकारीबाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाल्या, “खोटं पोर असतं, तर आज तुम्हाला घरी पाठवलं असतं. हा खरा माणूस आहे आणि खरा अभ्यास करतोय. याला काय म्हणायचं, ते माझ्या कोष्टकात नाही. रविवारी यांच्या घरी जा, यांना सगळं सांगा, आणि यांच्यासमोर यांचं नाव काढा. रीतसर.”

त्यांचा शेरा आला, तो असा: ‘तंत्रज्ञान घराघरांत पोहोचले आहे. शिक्षक अद्याप पोहोचावयाचे आहेत. कायम करण्यास हरकत नाही.’

घरी पत्नीने सर्व ऐकून घेतले.

“तू माझ्या बाबांना मारलंस?”

“मंजुरी मिळाली नव्हती.”

हे उत्तर काटेकोर होते. पण योग्य नव्हते, असे मला त्या रात्री ताटात पडलेल्या मूठभर भातावरून दिसले.

रविवारी आम्ही गेलो. चित्रातली खिडकी खरोखर तेवढीच होती, आणि सासरे तिच्यात बसून वाट पाहत होते. मी सगळे सांगितले, निधनासकट. ते पोटभर हसले. “म्हणजे मी गेल्यावरही पाढा पाठवला म्हणा की.” (खोडरबराचे काय झाले, ते मात्र त्यांनाही ठाऊक नव्हते.) मग त्यांचे नाव काढायला मी फोन हाती घेतला आणि मला ते बटण सापडेना. त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला, दोनदा बोट फिरवले आणि नाव गेले.

“तुमचं बरंच कच्चं आहे हो, जावईबापू. दर रविवारी येत चला. शिकवतो.” असे म्हणत ते चष्मा लावून फोनवर काहीतरी लिहीत बसले. मी सौजन्याने होकार दिला.

पुढच्या रविवारी सकाळी मी घरी बसून पुढील आठवड्याच्या पाठाचा कच्चा आराखडा करीत होतो. स्वयंपाकघरात पत्नीचा फोन वाजला. ती तो हातात घेऊन दारात आली आणि सावकाश वाचू लागली.

“‘आपले पाल्य आज वर्गात गैरहजर आहे. कारण कळवावे.’ खाली वर्गशिक्षक म्हणून बाबांचं नाव आहे.” तिने माझ्याकडे नीट निरखून पाहिले. “काय कळवू? तीनच पर्याय दिलेत. शेवटच्याला कागद लागत नाही म्हणे.”