धूळ जशीच्या तशी

घरातलं कुठलंही यंत्र मी उघडू शकतो. ही बढाई नव्हे, आमच्या घरात सगळ्यांना मान्य असलेली गोष्ट आहे. उघडलेलं यंत्र परत बंद करता येतं का, हा वेगळा विषय आहे आणि तो आमच्याकडे कुणी काढत नाही. निदान माझ्यासमोर तरी नाही!

त्यामुळे त्या रविवारी सकाळी बायको बाजारात गेली आणि तिच्यामागे दार लागताच मी बाह्या सरसावल्या, यात नवल काहीच नाही. समोर होता व्हॅक्यूम क्लीनर. आमचा नव्हे, बायकोच्या मोठ्या बहिणीचा, म्हणजे ताईंचा. थोडे दिवस वापरायला आणलेला. ताई त्या दिवशी दुपारच्या चहाला येणार होत्या आणि जाताना तो घेऊन जाणार होत्या.

या व्हॅक्यूम क्लीनरचं मोल तुम्हाला सांगायला हवं. दोघी बहिणी मध्यंतरी एकमेकींशी बोलत नव्हत्या. फोनसुद्धा नाही! सासूबाई बिचाऱ्या इकडचे निरोप तिकडे पोचवून थकून गेल्या. कुठल्याशा पातेल्यावरून बिनसलं होतं, एवढंच माझ्या कानावर होतं. मग अलीकडे दिलजमाई झाली आणि ताईंनी आपणहून विचारलं, "तुला हवाय का गं आमचा व्हॅक्यूम क्लीनर?" तो घरात आल्यापासून बायको स्वयंपाक करताना गुणगुणत होती. मलाही बरं वाटत होतं. ती खुशीत असली की माझ्या चहातही साखर बरोब्बर पडते.

माझा बेत साधा होता. यंत्र आलं त्या दिवसापासून नीट ओढत नव्हतं. आवाज असा करायचं की आता भिंतीचा रंगही ओढून घेईल, पण कागदाचा कपटा समोर आला की नुसता हुंगून पुढे जायचं. म्हटलं, आपण आतून साफ करून देऊ. ताई म्हणतील, "वा भाऊजी!" आणि बायकोची मान ताठ होईल.

पहिल्यांदा प्लग काढला. (मी अगदीच हा नाही.) मग झाकण उघडलं. आत कापडी पिशवी होती आणि ती उशीसारखी गच्च भरली होती! तोंडाला बायकोची ओढणी बांधून मी सगळी धूळ कचऱ्याच्या पिशवीत झटकली. तेवढ्यात खाली कचऱ्याची गाडी आली. असे योग रोज जुळून येत नाहीत! धावत जाऊन देऊन आलो. मग स्पंजचा फिल्टर नळाखाली धरला. आधी काळं पाणी आलं, मग करडं, मग हळूहळू माणसात आलं. ब्रशला लांबलचक केस गुंडाळले होते, ते नखं कापायच्या कात्रीने कापून काढले. नळीला डोळा लावला तर पलीकडचं काही दिसेना. झाडूचा दांडा घालून ढोसलं आणि पलीकडून एक मोजा बाहेर पडला! लहान मुलाचा, हिरव्या पट्ट्यांचा. आमच्या घरात एवढ्या पावलाचं कुणीच नाही, म्हणजे तो ताईंच्या धाकट्याचा. तोही धुतला आणि चिमटा लावून वाळत घातला.

बायको परत आली तेव्हा सगळे भाग वर्तमानपत्रावर ओळीने मांडलेले होते आणि मी कमरेवर हात ठेवून उभा होतो.

"हे काय?"

"सर्व्हिसिंग! बघ, कसं लखलखतंय!"

"आतली धूळ कुठाय?"

"टाकली की. गाडीत."

बायको भाजीच्या पिशव्या हातात तशाच धरून खुर्चीवर बसली. "अहो, ती ताईची धूळ होती!"

"मग ठेवायची होती का?"

"तुम्हाला ते पातेलं आठवतं का?"

मला पातेलं आठवत नव्हतं, पण आठवत नाही म्हणायची ती वेळ नव्हती. मी मान हलवली.

"ताईचं पातेलं मी घासून परत दिलं होतं. बुडाचा काळा थर काढून, अगदी चकचकीत! तर म्हणाली, 'माझ्या घरी भांडी घासत नाहीत, असं म्हणायचंय का तुला?' त्यावरून आमचं बोलणं बंद झालं. नुसतं बूड घासलं तर ही तऱ्हा, आणि तुम्ही तर तिची आतडी धुऊन वाळत घातलीत!"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. माझी सासुरवाडी या बाबतीत फार हळवी आहे. दुसऱ्याची वस्तू घासूनपुसून देणं म्हणजे त्याची लाज काढणं, असं त्या घरात मानतात. सासूबाई शेजारणीची छत्री परत करताना तिच्यावरचा चिखलसुद्धा पुसत नाहीत. मान राखायचा म्हणून!

"पण ताई कशाला उघडून बघतील?" मी म्हणालो.

"बघणार! आल्या आल्या बघणार!"

"कशावरून?"

"मी बघितलं असतं त्यावरून!"

तिचा आवाज भरून आला होता. "आत्ता कुठे धड बोलायला लागली होती हो ती माझ्याशी," असं ती म्हणाली आणि मला कसंतरीच झालं. मी म्हटलं, "काळजी करू नकोस. होती तशी धूळ परत भरून देतो."

म्हणायला सोपं होतं. घरात धूळ शोधायला गेलो तर नाही! ते यंत्र ओढत नसल्यामुळे बायको रोज त्याच्या मागोमाग झाडू मारत फिरली होती. मी सोफ्याखाली शिरलो, कपाटामागे हात घातला, पलंग सरकवला. सगळीकडे चकाचक! जन्मात पहिल्यांदा धूळ हवी होती, तर घराने दगा दिला.

"आणि नारिंगी पाहिजे," बायको म्हणाली. "ताईचा गालिचा नारिंगी आहे. धुळीत नारिंगी तूस असायचंच."

मी खालच्या शिंप्याकडे गेलो. तो रविवारीही दुकान उघडतो.

"नारिंगी दोरा आहे का?"

"आहे ना. कापड दाखवा."

"कापड नाहीये. मला खाली पडलेले तुकडे हवेत."

"शिवायचं काय आहे?"

"काहीच नाही."

त्याने मशीन थांबवून माझ्याकडे पाहिलं. मग खाली वाकून मूठभर कचरा गोळा केला आणि फार हळुवारपणे विचारलं, "असेच चालतील की बारीक करून देऊ?"

"बारीक केलेत तर उपकार होतील," मी म्हणालो.

नारिंगीचं काम झालं, आता मुख्य माल हवा होता. आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त मुख्याध्यापिका राहतात. त्यांच्याकडे छतापर्यंत पुस्तकांची कपाटं आहेत, म्हणजे धूळ नक्की. पण मागायची कशी? साखर मागता येते, शिडी मागता येते. धूळ मागायची म्हणजे 'तुमच्याकडे असणारच' असं तोंडावर सांगायचं! एका घरची लाज राखायला दुसऱ्या घरची काढायची का? मी बराच वेळ दाराबाहेर उभा राहिलो आणि शेवटी बेल वाजवली.

"बाई, तुमच्या कपाटांवरून जरा फडकं मारून देऊ का?"

बाईंनी चष्म्याच्या वरून पाहिलं. "नोकरी गेली का तुमची?"

"नाही हो!"

"बायकोने घराबाहेर काढलं?"

"छे छे, सहजच. रविवार आहे म्हणून."

"सहज कुणी झाडत नाही. मी उभी हयात शाळेत काढली आहे. मुलगा आपणहून फळा पुसायला आला की समजावं, ह्याने कुठेतरी काच फोडली आहे. काय फोडलंत?"

"काही नाही, बाई."

"हात पुढे करा."

आणि सांगायला लाज वाटते, मी खरंच हात पुढे केला! डोळेही मिटले. बाईंनी हातावर फडकं ठेवलं. मग मी स्टुलावर चढलो. कपाटांवर काय ऐश्वर्य होतं म्हणून सांगू! मी ते कागदावर जपून गोळा करत होतो आणि खालून बाई सांगत होत्या, "कोपरा राहिला. तो पंखाही घ्या. आलाच आहात तर खिडक्याही घ्या." निघताना म्हणाल्या, "तो केर आमच्या डब्यात टाका."

"नको बाई. मी घरी नेतो."

मी जिना उतरेपर्यंत बाई दारात उभ्या होत्या, जशा वर्गाबाहेर उभ्या राहत असतील.

घरी बायको केस वाळवायच्या यंत्राने स्पंज वाळवत होती. मग आमचा कारखाना सुरू झाला. मी धूळ आणि नारिंगी दोरे कालवले. बायकोने चिमटीत घेऊन पाहिलं आणि म्हणाली, "अजून थोडं नारिंगी." स्पंज बाईंच्या पंख्यावरच्या काजळीत घोळवला. मोजा अजून दमट होता, त्याला इस्त्री फिरवली.

"अहो, इस्त्रीची घडी दिसतेय त्याच्यावर!"

"मग चुरगाळतो."

मोजा चुरगाळून, धुळीत लोळवून नळीत सारला. राहिला ब्रश. बायकोने आपल्या कंगव्यातले केस काढून दिले आणि एकदम थबकली. "ताईचे केस कुरळे आहेत!"

"एवढं कोण बघतंय?"

तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी मुकाट्याने पेन्सिल घेतली आणि एकेक केस तिच्यावर गुंडाळत बसलो. इतकं बारीक काम मी कचेरीतही कधी केलेलं नाही. शेवटी झाकण बसलं. हो, पहिल्याच फटक्यात बसलं! आम्ही दोघांनी घाम पुसला आणि बेल वाजली.

ताई आल्या. चहा झाला, इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या. पण ताईंचं लक्ष कशात नव्हतं. डोळे सारखे कोपऱ्यातल्या यंत्राकडे जात होते. शेवटी कप खाली ठेवून त्या उठल्या, यंत्रापाशी गेल्या आणि झाकण उघडून बघू लागल्या. बायकोने मला कोपराने ढोसलं. म्हणजे, बघा!

ताई बराच वेळ वाकलेल्याच राहिल्या. मग सरळ झाल्या तर डोळ्यांत पाणी.

"तुम्ही साफ नाही केलंत?"

"छे हो ताई!" मी छाती काढून म्हणालो. "हातसुद्धा लावला नाही!"

"मी घाईत भरलेलंच दिलं होतं गं," ताई बायकोला म्हणाल्या. "मागाहून आठवलं आणि जिवाला नुसता घोर लागला. आता ही काय म्हणेल! मग म्हटलं, भाऊजींना दिसेल ते उघडायची खोड आहे. ते उघडतील, गुपचूप साफ करतील आणि विषय मिटेल. त्या पातेल्याच्या वेळी मीच मूर्खपणा केला. तू एवढं मायेने घासून दिलंस, आणि मी... आणि आता तू माझी धूळ मला जशीच्या तशी परत देतेस. म्हणजे तुझ्या मनात अजून राग आहे."

बायकोचा चेहरा पांढरा पडला होता. आता सगळं सांगून टाकावं, असं मी ठरवलं. घसा साफ केला. "ताई, त्याचं असं आहे की..."

"त्याचं काही नाही!" बायको एकदम उसळली. "ताई, अगं, मी ह्यांना सकाळपासून सांगतेय! बाजारात जाताना बजावून गेले होते, ताईचं मशीन तेवढं साफ करून ठेवा. पण हे जागचे हलतील तर शपथ!"

मी तोंड उघडलं. बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी तोंड मिटलं.

"म्हणजे तू सांगितलं होतंस?" ताईंचा चेहरा उजळला.

"मग! तुझी वस्तू मी अशी परत देईन होय?"

"आमच्याकडेही हेच आहे गं! एक काम सांगून बघ..."

आणि दोघींनी एकमेकींना मिठी मारली! हसल्या काय, रडल्या काय! मी मध्येच उभा होतो तर ताई म्हणाल्या, "भाऊजी, जरा बाजूला व्हा ना."

मग काय, घेतलं यंत्र आणि निघालो मोरीकडे. पुन्हा पिशवी झटकली. पुन्हा कात्री घेऊन केस कापले, ते कुरळे करायला किती वेळ गेला होता हे माझं मला माहीत! ताई मागे उभ्या राहून बघत होत्या. मोजा निघाला तेव्हा त्यांना केवढा आनंद झाला. "अगंबाई, हा इथे होता होय! पण ह्याला घडी कसली पडलीय?"

"नळीत दाबून बसला असेल," बायको शांतपणे म्हणाली.

दोघी आत गेल्या. मी नळाखाली स्पंज धरून उभा राहिलो. पुन्हा काळं पाणी आलं. आतून त्यांचं हसणं ऐकू येत होतं, शाळेतल्या मुलींसारखं, थांबता थांबेना. मला मनापासून बरं वाटलं, खोटं कशाला सांगू! आपण घरासाठी काहीतरी केलं, असं वाटून डोळे जरा ओलावलेही. तेवढ्यात ताईंचा आवाज आला.

"बाकी भाऊजी स्वभावाने गरीब आहेत हो."

"गरीब आहेत गं," बायको म्हणाली, "पण आपणहून एक काम करतील तर..."

मी नळ जरा मोठा सोडला.