जेवणानंतर एक दीपगृह

जामसंड्यात माझं औषधांचं दुकान आहे. डॉक्टरांचं अक्षर वाचण्यात अर्धं आयुष्य गेलं, त्यामुळे चिठ्ठी पाहून मी सहसा गोंधळत नाही. पण एकदा एका बाईंनी काउंटरवर जी चिठ्ठी ठेवली तिनं माझी पार दांडी उडवली. अक्षर मोत्यासारखं आणि मजकूर असा : ‘दीपगृह. रोज एक तास, जेवणानंतर. घाई करू नये. अडल्यास चहा.’

“ही गोळी की पातळ औषध?” मी विचारलं.

“ता माका काय म्हायत? झोप लागणा नाय म्हणान सांगलंय, तर विश्रामकाकांनी लिवन दिल्यानी.”

विश्रामकाकांचं नाव ऐकलं आणि उलगडा झाला. दीपगृह हे औषध नव्हतं, तो कम्प्युटरवरचा गेम होता.

विश्रामकाका आमच्या घरापासून चौथ्या घरात राहतात. तीस वर्षं मालवाहू बोटींवर इलेक्ट्रिशियन होते. वय सत्तरीपार, अंगात खाकी हाफ पँट, शर्टाच्या खिशात कायम एक टेस्टर. काखेत जुना जाडजूड लॅपटॉप आणि हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा. डब्यात बिस्किटं नाहीत, सीड्या. आणि सीड्यांवर एकाच जातीचे गेम : पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचे, ज्यांना पॉइंट अँड क्लिक म्हणतात ते. इंग्रजी नावं काकांच्या जिभेला मानवत नाहीत. त्यांनी सगळ्यांची मालवणी बारशी केली आहेत. दीपगृहवालो, घड्याळवालो, मांजरवालो.

या गेमची महती ते कुणालाही सांगतात. बँकेच्या रांगेत, न्हाव्याच्या खुर्चीत, एकदा तर लग्नाच्या पंगतीत वाढप्याला थांबवून.

“हेच्यात कोणाक मारूचा नाय, पळूचा नाय, घड्याळ लावून कोण बसलेलो नाय,” काका सांगतात तेव्हा त्यांच्या हातांना स्वस्थ बसवत नाही. “समोर एक चित्र आसता. जंय बाण न्हेशीत थंय बघूक गावता. बघूचा, उचलूचा, माणसांका इचारूचा. हेका तेच्याक लाव, तेका हेच्याक लाव. आणि मगे एकदम, फट्! दार उघाडता! काय सांगू तुका, काळीज असा वर येता!”

हे ‘फट्’ ते इतक्या जोरात म्हणतात, की त्या पंगतीत वाढप्याच्या हातून सोलकढी सांडली.

पण शिफारस सरसकट नाही. माणूस पाहून गेम देतात. एका कार्यालयातले तापट भाऊसाहेब होते, त्यांना घड्याळवालो. त्यात ओरडून काही होत नाही, काटे सावकाशच फिरतात. कुणाचंच ऐकून न घेणाऱ्या एका निवृत्त मास्तरांना त्यांनी असा गेम दिला, ज्यात प्रत्येक माणसाचं बोलणं शेवटपर्यंत ऐकल्याशिवाय पुढचं गाव लागत नाही. मास्तर पहिल्या गावात पंधरा दिवस होते. नव्या लग्नाच्या जोडप्यांना एक खास : दोघंजण दोन वेगळ्या खोल्यांत अडकलेले आणि मधल्या नळीतून एकमेकांना वस्तू पाठवायच्या. “आहेरापेक्षा ह्यो बरो,” काका म्हणतात. “भांडाण खंय होतला, ता आधीच कळता.”

बंदरावर मासळीचा धंदा करणारे हसनभाई आहेत. त्यांना मिळाला मांजरवालो. त्यात एक मांजर वाट अडवून बसलेलं असतं आणि आपल्या खिशात एक मासा असतो. मासा दिला तरी मांजर ढिम्म. सगळे तिथं अडतात. हसनभाईंनी पडद्यावर नाक टेकवलं आणि भडकले.

“कोणी काढलानी ह्या चित्र? डोळे बघ तेचे! खोल गेलेले. ह्यो मासो तीन दिसांचो आसा. माझ्या हयलो मांजर पण खावचा नाय!”

काका स्टुलावरून उडालेच. कारण उत्तर तेच होतं! मासा शिळा म्हणून मांजर उठत नाही, तो टाकून ताजा आणायचा. लोकांना जे कळायला आठवडा लागतो ते हसनभाईंनी रागाच्या भरात एका मिनिटात सोडवलं. काकांनी ही हकीकत महिनाभर सांगितली, आणि दर खेपेला हसनभाईंचं नाक पडद्याच्या आणखी जवळ गेलं.

त्यांचे नियमही ठरलेले. पहिला : “आधी खोली बघ, मगे दार.” दुसरा : “हाताक लागात ता खिशात घाल.” आणि सगळ्यांत कडक म्हणजे इंटरनेटवर उत्तर शोधायचं नाही. “उत्तर चोरलंस तर माझी पायरी चढा नको.”

मी या सगळ्यातून बरीच वर्षं निसटलो होतो. दुकानातून वेळ कुठला? मग गेल्या वर्षी शटर ओढताना पायरीवरून घसरलो आणि घोट्याचं हाड मोडलं. दीड महिना प्लास्टर. दुकान धाकट्या भावानं सांभाळलं. मी खाटेवर, आणि संध्याकाळी दारात काका.

“पाय मोडलो?” चेहरा आनंदानं उजळलेला. “बरा झाला! किती दिस?”

“दीड महिना.”

“वा वा वा! तीन गेम बसतले!”

मला मिळाला दीपगृहवालो. एका बेटावर दीपगृह आहे, त्याचा रखवालदार नाहीसा झालाय, त्याला शोधायचं. खरं सांगतो, पहिल्या दिवशी मी काकांचं मन राखायला बसलो. तिसऱ्या दिवशी जेवायचं विसरलो. माझी बायको मंदा ताट घेऊन दोनदा येऊन परत गेली. गंजलेल्या पेटीतून जेव्हा रखवालदाराची वही निघाली, तेव्हा मी प्लास्टरसकट उभा राहिलो आणि ओरडत खाली बसलो.

काका माझ्या मागे स्टुलावर बसत. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून, चुकून माउसला लागू नयेत म्हणून. मी बरोबर वस्तूजवळ बाण नेला की मागून त्यांचा श्वास थांबे. चुकीच्या वस्तूजवळ नेला की खोकला येई. एवढीच मदत. एकदा मी कंटाळून, ते यायच्या आत, मोबाइलवर एक उत्तर शोधलं आणि त्यांच्यासमोर झटक्यात वापरलं. काका उठले.

“चोरलंस.”

“नाही हो काका, सुचलं.”

“सुचलेल्या माणसाचो हात आधी थांबता, मगे जाता. तुझो थांबाकच नाय.”

दोन दिवस आले नाहीत. तिसऱ्या दिवशी मीच निरोप पाठवला, की चुकलो, आणि आता खरोखर अडलोय.

अडलो होतो ते एका बरणीपाशी. दीपगृहाच्या तळघरात पितळी झाकणाची बरणी, आत किल्ली. झाकण निघत नाही आणि बरणी फुटत नाही. मी हातोडा, दोरी, खोबरेल तेल सगळं करून पाहिलं. काका मागे हात दाबून बसलेले, खोकून खोकून बेजार. दुपारची वेळ, स्वयंपाकघरात मंदा नारळ खोवत होती.

“काय अडलाहा एवढा?” तिनं आतूनच विचारलं.

“बरणीचं झाकण,” मी ओरडलो.

“मगे गरम करा ता! दिव्यार धरा. लोणच्याची बरणी मी कशी उघडतंय ती कधी बघलास?”

गेममधल्या माझ्या खिशात कंदील होता. लावला. फट्! झाकण निघालं, किल्ली हातात!

मी टाळी वाजवून मागे पाहिलं. काका माझ्याकडे बघतच नव्हते. ते स्टूल फिरवून स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून बसले होते.

“मंदा,” त्यांनी हाक मारली, “आता एक जिनो दिसता. वर लोखंडी दार. दाराक कडी नाय, पण खाली फट आसा. फटीतसून वारो येता.”

“वारो येता तर पलीकडे उघडा आसा,” आतून उत्तर. “फटीतसून काय सरकवक येता काय बघा.”

तासाभरात चार खोल्या झाल्या! काका वर्णन करत होते, ती खोवणीवरून उत्तरं देत होती, मी नुसता माउसचा हमाल. सगळीच उत्तरं बरोबर नव्हती, पण चुकलेलंही काका खुशीत सांगत : “नाय गो, तसा नाय होणा!” मी म्हटलं, “अगं, बाहेर येऊन बघ तरी.” तर काकांनी माझा दंड धरला.

“नको. थंयच ऱ्हवांदे तिका.”

मग ते एकदम उठले आणि चहा न घेता गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आले. डबा नव्हता, फक्त लॅपटॉप. स्टुलावर न बसता खाटेच्या कडेवर बसले.

“तुका एक सांगूचा आसा,” ते म्हणाले. “ह्यातलो एकय गेम मी सोडवक नाय.”

मला वाटलं, थट्टा करतायत.

“खरा सांगतंय. माका सुचणाच नाय. कधीच सुचाक नाय.”

मग सांगितलं. बोटीवर खलाशांसाठी एक कम्प्युटर होता आणि कुणीतरी बंदरातून हे गेम आणून ठेवले होते. काका खेळायला बसले आणि पहिल्याच खोलीत अडले. घरी पत्र लिहायचं होतं. दरवेळी लिहिणार काय? समुद्र आहे, जेवण बरं आहे, तब्येत ठीक. म्हणून त्यांनी बायकोला, सुमनकाकूंना, ती खोली लिहून कळवली. भिंतीवर काय, टेबलावर काय, खिशात काय. काकूंनी तोवर कम्प्युटर पाहिलाही नव्हता. महिन्यानं पुढच्या बंदरात त्यांचं पत्र आलं. घरची ख्यालीखुशाली, आंब्याचा मोहर, आणि शेवटी : ‘ती छत्री उलटी धरून बघा.’ काकांनी उलटी धरली. दार उघडलं.

“एकेक गेमाक दोन-दोन वर्सां लागली,” काका हसले. “बाकीचे खलाशी पत्रात पैशांचा इचारीत. मी इचारी, मांजराक काय देव?”

निवृत्त होऊन आल्यावर त्यांनी पहिल्यांदा काकूंना पडदा दाखवला. काकू बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “माका वाटलेला, दरवाजो निळो आसतलो.” त्यानंतर दोघांनी मिळून एक नवा गेम सुरू केला. निम्म्यावर आला आणि काकू आजारी पडल्या, त्या उठल्याच नाहीत. त्याला आता चार वर्षं झाली.

आता माझ्या ध्यानात आलं. काका लोकांना जे गेम देत हिंडतात ते सगळे काकूंनी सोडवलेले आहेत. मागे बसून ते समोरच्याची हुशारी तपासत नव्हते. काकूंना जे सुचलं ते आणखी कुणाला सुचतं का, ते पाहायला बसत होते.

“मंदाक इचारशीत?” त्यांनी हळूच विचारलं. “इंटरनेटार उत्तर गावात, माका म्हायत आसा. पण तसा नको.”

मी हाक मारली. मंदा आत कोळंबी सोलत होती. “इचारा काकानू,” ती म्हणाली. “हात चिकट आसत, मी भायर येवचंय नाय.”

काकांनी लॅपटॉप उघडला. त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा माउस हातात घेताना पाहिलं. एक रुंद नदी, धक्का, आणि धक्क्याला लागलेल्या होडीत पाठमोरा बसलेला म्हातारा नावाडी. त्यानं पलीकडे नेलं पाहिजे, पण तो वळतच नाही.

“घंटा वाजवलंय, शिटी मारलंय, हातोड्यान फळी बडवलंय,” काका दाराकडे तोंड करून सांगू लागले. “चार वर्सां आवाजच करतंय गो!”

“एकदाय मान हलवक नाय?”

“नाय.”

कोळंबी सोलता सोलताच आतून उत्तर आलं.

“मगे तेका ऐकाक येना नाय, काकानू. तो बघता खंय?”

“पाण्याकडे. म्होरच्या पाण्याकडे.”

“ऊन आसा?”

“आसा की! लख्ख.”

“खिशात काय काय आसा ता सांगा.”

“हातोडो, शिटी, दोरी, सुको पाव, हातातलो आरसो…”

“आरसो उन्हात धरा आणि तेच्या म्होरच्या पाण्यार कवडसो पाडा.”

काकांचा हात आधी थांबला. मग गेला. आरसा, ऊन, पाणी. नदीवर एक सोनेरी ठिपका हलला, नावाड्याच्या पुढ्यात नाचला, आणि म्हातारा सावकाश, अगदी सावकाश वळला. होडीचा दोर सुटला.

काका ताडकन उभे राहिले. माउस खाली पडला. दोन्ही हात वर करून, दाराकडे बघत ते ओरडले, “गो सुमन! वळलो गो तो! सुमन, होडी सुटली!”

आणि मग त्यांना आपण काय बोललो ते कळलं. हात तसेच वर राहिले. मला कुठं बघावं समजेना.

“बरा झाला,” आतून मंदाचा आवाज आला. “मगे, पलीकडे काय दिसता?”

काका खाली बसले. शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले, चष्मा नीट केला, पडद्याजवळ वाकले.

“पलीकडे…” ते म्हणाले, “थांब हां, बघूंदे. पलीकडे एक घर दिसता गो.”