पापनाशमला चुकलेली बस

सूर्याला ग्रहण लागलंय आणि घरात गरोदर बाई आहे, अशा वेळी तुम्ही कधी भाजी चिरली आहे का? खरं सांगा. शिकलेली माणसं आहात, मोबाइलवर ग्रहणाचे फोटोही बघता. पण त्या दोन तासांत सुरी कुठे असते? फळीवरच ना?

आमचे शेजारी सेतुमामा चिरतात. तेही जाहीर चिरतात. तंजावूरच्या मेलवीधीमागच्या आमच्या गल्लीत ग्रहणाच्या आधीच दारं लागतात, आणि सेतुमामा विळी, सूप आणि किलोभर शेवग्याच्या शेंगा घेऊन घरापुढच्या तिण्णैवर, म्हणजे ओट्यावर, येऊन बसतात. ग्रहण सुटेपर्यंत गल्लीत फक्त त्यांच्या विळीचा आवाज. वर मात्र एकदाही बघत नाहीत. "सूर्याकडे बघितलं तर डोळे जातात," ते सांगतात. "भाजीकडे बघायला काय झालं?"

चिरलेल्या शेंगा मग घरोघर वाटायला निघतात. कोणी घेत नाही. पुढचे तीन दिवस मामा एकटेच सांबार खातात.

सेतुमामा एका कॉलेजच्या प्राणिशास्त्र प्रयोगशाळेतून निवृत्त झाले. लग्न केलं नाही. बोलणं थोडं नाकातलं, तेही जुन्या तंजावुरी मराठीत, म्हणजे 'सांग'ला 'सांगट' आणि 'सगळं'ला 'अस्कं', आणि मिशी एवढी की खाली तोंड आहे हे बोलल्यावरच कळावं. पायसम, म्हणजे आमच्याकडची खीर, प्यायचं तर एका हाताने मिशी वर धरावी लागते, म्हणून चारचौघांत ते पायसम पीत नाहीत. गल्लीतली मुलं त्यांना 'मीसै तात्ता' म्हणतात, मिशीवाले आजोबा.

त्यांचा दुसरा नाद अंड्यांचा. आमची गल्ली कांदासुद्धा दबकत आणणारी, आणि या गृहस्थाच्या माजघरात लाकडी पेटी, तिच्यात दिवा, वाटीभर पाणी आणि बारा अंडी. दुकानातली अंडी त्यांना चालत नाहीत. "त्यांना बापच नसतो गे," ते म्हणतात. "उबवून काय होणार?" म्हणून ते दर पंधरवड्याला बसने पापनाशमला जातात, तिथल्या एका म्हातारीकडून गावठी अंडी घेतात आणि मांडीवर धोतराच्या घडीत ठेवून परत आणतात. कंडक्टरशी भांडणही ठरलेलं. त्याने ड्रायव्हरला सावकाश चालवायला सांगावं, असा मामांचा आग्रह असतो.

सकाळ, दुपार, संध्याकाळ मामा हात धुऊन पेटीपुढे वाकायचे आणि अंडी फिरवायचे. खिडकीतून माझ्या आईला दिसायचं ते एवढंच: मंद दिवा आणि पुढे वाकलेला माणूस. तिला वाटलं, एकटा जीव देवाला लागलाय. एका शुक्रवारी तिने पेटीवर मोगऱ्याचा गजरा घातला, कुंकू लावलं आणि तीन प्रदक्षिणा घातल्या. चौथी घालताना आतून "चिव" असा आवाज आला.

आईने डोक्यावरून आंघोळ केली. गजरा परत मागायला मला पाठवलं. मामा म्हणाले, "राहू दे, असं सांगट तुझ्या आईला. योग्य जागी वाहिलाय."

मला हे सगळं फार आवडायचं. मी पत्रकं वाचत वाढले. आमच्या आजोबांच्या ट्रंकेत अंधश्रद्धेविरुद्धच्या पत्रकांचे गठ्ठे होते आणि मी अक्षरं शिकले ती त्यांच्यावर. म्हणून गेल्या सूर्यग्रहणाला मी काय केलं ते ऐका. माझी वहिनी कल्याणी सातव्या महिन्यात होती. खिडकीच्या फटीतून ती मामांची विळी ऐकत होती आणि हसत होती. मी म्हटलं, "हसतेस काय? चिर तूही." आणि मी स्वतः तिच्या हातात सुरी दिली. तिने चार शेंगा चिरल्या. आईने बघितलं आणि डोळे मिटून घेतले.

दोन महिन्यांनी मुलगी झाली. वरचा ओठ नाकापर्यंत दुभंगलेला.

आई ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "चार शेंगा." बाराव्या दिवसाचं बारसं पुढे ढकललं. डॉक्टरांनी सांगितलं की तीन-चार महिन्यांनी शस्त्रक्रिया करू, ओठ जुळेल. आई म्हणाली, तोवर बाहेर दाखवायचं नाही. सेतुमामांना आमचं दार बंद झालं. मी तावातावाने एक पत्रक लिहिलं, 'ग्रहण आणि गर्भ: एक थोतांड', आणि वहिनीपुढे ठेवलं. तिने ते बाळाच्या दुपट्याखाली सरकवून दिलं. ती बाळाला पदराखाली झाकून चमच्याने दूध पाजायची आणि भिंतीकडे बघून म्हणायची, "मीच केलं."

मी मामांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकलं. बराच वेळ मिशीवरून हात फिरवत राहिले. मग विचारलं, "ग्रहणाला कितवा महिना होता?"

"सातवा."

"तिला परवा घेऊन ये. परवा माझी अंडी पाच दिवसांची होतात. तुझ्या आईलाही आण. शिवायला नको म्हणावं, लांबून बघू दे."

वहिनी आली. आई उंबऱ्याबाहेर उभी राहिली, पदर नाकाला लावून. मामांनी एक अंडं काढलं. त्याच्या कवचाला नखाएवढी खिडकी कापलेली होती आणि वर चिकटपट्टी. त्यांनी ती हलकेच सोडवली आणि वहिनीच्या हातात भिंग दिलं.

मीही वाकून बघितलं. आजवर मी पुष्कळ घोषणा दिल्या आहेत. त्या क्षणी मला एकही आठवली नाही. पिवळ्या बलकावर लाल धाग्यांचं जाळं पसरलं होतं आणि मधोमध टाचणीच्या डोक्याएवढं काहीतरी उघडत होतं, मिटत होतं. हृदय. त्याला कोणी चालू केलं नव्हतं. आतल्या आत चालू झालं होतं. शेजारी एक मोठा काळा डोळा होता, आणि त्याच्याखाली चेहरा अजून व्हायचा होता.

"आता बघ," मामा हळू आवाजात म्हणाले, जणू आत कोणी झोपलंय. "तोंड एका जागी होत नाही. पाठीच्या वरच्या कडेला पेशी जन्मतात, तिथून चालत निघतात. नकाशा नाही, नेता नाही. वाटेत शेजारची पेशी सांगटते, तू इकडे वळ, तू ओठ हो, तू हाड हो. असं अस्कं एकमेकींना विचारत विचारत. एक तुकडी डावीकडून येते, एक उजवीकडून, तिसरी मध्ये नाकाखाली थांबलेली. तंजावूरची बस आणि कुंभकोणमची बस. मध्ये पापनाशम. तिथे तिघांची गाठ पडली की ओठ झाला."

"आणि नाही पडली तर?" वहिनीने विचारलं.

"तर एखादी बस पापनाशमला पोचत नाही. एवढंच. माणसाच्या गर्भात हे काम दुसऱ्या महिन्यात संपतं, कल्याणी. तू शेंगा चिरल्यास सातव्यात. सातव्या महिन्यातली सुरी दुसऱ्या महिन्यातल्या ओठाला कशी लागेल?"

वहिनी भिंगातून डोळा काढेना. उंबऱ्याबाहेरून आई म्हणाली, "मग कारण काय? काहीतरी असेलच की."

"कधी सापडतं, कधी नाही सापडत, अक्का. मला ठाऊक नाही असं म्हणायची आपल्याला लाज वाटते, म्हणून आपण आईचं नाव घेतो."

 आईचा पदर नाकावरून खाली आला होता. तिने विचारलं, "जोडल्यावर उसवेल का?"

"डॉक्टर कडा जवळ आणून टाके घालणार. जोडायचं काम पेशीच करतील. जखम दिसली की आसपासच्या पेशींना निरोप जातो, त्या सरकतात, वाढतात, भेटतात. उशिरा पोचलेली बस, पण पोचते."

आईने उंबरा ओलांडला. चपला बाहेर काढून आत आली, अंड्यात वाकून बघितलं आणि बराच वेळ बघत राहिली. मग हात जोडले. या वेळी आत काय आहे ते तिला ठाऊक होतं.

पुढच्या आठवड्यात बारसं झालं. सेतुमामांना बोलवायला आई स्वतः गेली. दुपारी दारात एक अनोळखी म्हातारा उभा राहिला, आणि तो नाकातून बोलला तेव्हा आम्ही ओळखलं. मिशी नव्हती. वरच्या ओठावर नाकपुडीपासून खाली उतरलेला एक जाड, वेडावाकडा व्रण होता.

कोणी काही विचारायच्या आत ते वहिनीपाशी जाऊन बसले.

"माझ्या आईनं ग्रहणात शेवग्याच्या शेंगा चिरल्या होत्या म्हणे," ते म्हणाले. "आमचं घर पापनाशमचं. शेवटपर्यंत तिनं घरात शेंगा शिजवू दिल्या नाहीत. मला शिकवलं खरं तिनं, पण चेहऱ्याकडे बघायची नाही. प्राणिशास्त्रात दुसऱ्या वर्षी गर्भाचा धडा आला. त्यात दुसरा महिना लिहिला होता. मी वही घेऊन तसाच घरी जायला बसमध्ये चढलो. पोचलो तेव्हा तिला स्मशानात नेऊन झालं होतं."

वहिनीने बाळ त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते अंडं धरावं तसं धरलं, दोन्ही तळव्यांत.

तेवढ्यात गल्लीतल्या वर्धिनीमामी कोपऱ्यातून पुढे आल्या, बाळाकडे वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "अय्यो, ओठाला काय झालं हो?"

आईने दुपटं बाळाच्या चेहऱ्यावरून पूर्ण बाजूला केलं. "काही नाही, मामी. एक बस पापनाशमला पोचली नाही. डॉक्टर पोचवणार आहेत. तुम्ही पायसम घ्या."

सेतुमामांनीही घेतलं. दोन वाट्या, सगळ्यांच्या पंक्तीत बसून, दोन्ही हात मोकळे ठेवून.

माझं पत्रक मी फाडून टाकलं. त्याच्याऐवजी हे लिहिते आहे, आणि तुमच्याकडे एकच मागणी करते. असं बाळ तुमच्या समोर येईल, गल्लीत, नात्यात, दवाखान्याच्या बाकावर. तेव्हा त्याच्या आईला ग्रहणात काय चिरलंस हे विचारू नका, आणि दुसरं कोणी विचारत असेल तर तिथेच थांबवा. वाकून चेहऱ्याकडे नीट बघा आणि आधी बाळाचं नाव विचारा.

आमचीचं नाव जानकी.