ती बांधावर आली की बंद!

मला यंत्रातलं कळतं! निदान परवापर्यंत कळत होतं. छत्तीस वर्षं कचेरीत हेडक्लार्की केली आणि निवृत्तीनंतर हा बुटका डिझेल ट्रॅक्टर आठ दिवस चालवून बघायला आणला. बायकोची अट एकच : "रविवारपर्यंत न कुरकुरता चालला तर ठेवायचा. नाहीतर ज्याचा त्याला परत!"

शनिवारी मागे फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारा रोटाव्हेटर लावून शेतात ऐटीत दोन पट्टे मारले. बायको चहा घेऊन बांधावर आली आणि इंजिन फटकन बंद!

"चालला वाटतं परत?" ती म्हणाली.

ती घरात गेली. मी चावी फिरवली, पठ्ठ्या सुरू! ती कप न्यायला आली. बंद!

मी डिझेल फिल्टर बदलला. पाइपातली हवा काढली. टाकीच्या झाकणाचं भोक टाचणीने कोरलं. अंगाला असा वास, की माशीही वाट वाकडी करून जाई. पुन्हा चढलो, सुरू केला. ती टॉवेल घेऊन आली. बंद!

"अगं, तू जरा येऊच नकोस," मी थकून म्हणालो.

"म्हणजे माझी दृष्ट लागते होय?"

यावर मी गप्प बसलो. तिथेच चुकलं. रात्री ताट मी स्वतःच वाढून घेतलं.

रविवारी मेकॅनिक आला. माझं निदान त्याने डोळे मिटून ऐकलं. मग स्वतः सीटवर बसून ट्रॅक्टर चालवला. "काकू, या बरं इकडे." ती आली. इंजिन ठणठणीत!

"आता काका, तुम्ही बसा. काकू, पुन्हा या."

बंद!

"काका, तुम्ही उठता कशाला?"

"मी? कुठे उठलो?"

"आत्ताही उभेच आहात!"

खाली पाहिलं. खरंच की! सीटखाली म्हणे स्विच असतो. रोटाव्हेटर फिरताना चालक उठला, की इंजिन बंद. कुणी त्यात सापडू नये म्हणून. आणि मला छत्तीस वर्षांची सवय, साहेब दिसले की उठायचं!

बायकोने मला नखशिखान्त न्याहाळलं. मग मेकॅनिकला म्हणाली, "घरात मी पुढ्यात उभी राहिले तरी यांचा पेपर खाली येत नाही. आणि इथे चक्क उठून उभे राहतात! राहू दे ट्रॅक्टर. गुणी आहे."

जिंकलो! असं वाटलं खरं.

आता ती दर दहा मिनिटांनी बांधावर येते. काम काही नसतं. मी उठेपर्यंत नुसती उभी राहते. आमचा तिसरा पट्टा अजून चालू आहे.