सासऱ्यांचं पंचेचाळीस

पिस्तूल घ्यायचं तर नऊ मिलिमीटरचं, हे लोवेल पिकेटचं दुकानाच्या दारापर्यंत अगदी पक्कं होतं. बायकोचं, ट्वायलाचं, नऊचं त्याने चालवून पाहिलं होतं. हाताला बसलं होतं, आणि गोळ्याही सरावाच्या कागदी माणसाला कुठे ना कुठे लागल्या होत्या. पण बरोबर सासरे होते ना! रॉयस टॅकेट. टेक्सासच्या त्या टापूत ते आपल्या पंचेचाळीस बोअरच्या, म्हणजे जवळजवळ अर्ध्या इंचाच्या गोळीच्या, पिस्तुलामुळे ‘पंचेचाळीसवाले रॉयस’ म्हणून प्रसिद्ध होते, आणि जावयाला नावाने हाक न मारता ‘गालिचेवाले’ म्हणत. लोवेल गालिचे विकायचा. त्यात वाईट काय होतं देव जाणे, पण सासऱ्यांच्या तोंडून ऐकताना त्याला दर वेळी मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

“कपड्याआड लपवून वागवायचंय ना? मग नऊचं घ्या,” काउंटरमागची बाई म्हणाली. “हलकं पडेल, झटकाही कमी.”

“नऊ?” रॉयस इतक्या मोठ्याने म्हणाले की, काउंटरला टेकलेली सगळी मंडळी वळून बघायला लागली. “आमच्या ट्वायलाच्या पर्समध्ये असतं तसलं. लिपस्टिकच्या शेजारी. बोला गालिचेवाले, लाजू नका.”

लोवेलने तोंड उघडलं ते नऊ म्हणायलाच. बाहेर पडलं, “पंचेचाळीस.”

“ह्याला म्हणतात गडी!” रॉयसनी पाठीवर थाप मारली. लग्नानंतरची पहिलीच. त्या थापेच्या भरात लोवेल ते धूड घेऊन घरी आला.

घरी आल्यावर कळलं की ते पोटाशी खोचलं तर पँटचं बटण लागत नाही. मग मोठ्या मापाच्या पँटी आल्या. सरावाला गेला तर चाप ओढायच्या आधीच डोळे गच्च मिटायचे, आणि गोळ्या मातीत जायच्या.

“अरे, बदलून आण की ते,” ट्वायला म्हणाली. “डॅडींना मी सांगते.”

“नको! रविवारी ते मला दारावरच्या पथकात घेणारेत.”

चर्चच्या दारावर उभं राहणाऱ्या पथकाचे रॉयस प्रमुख होते. कुणी बंदूक घेऊन घुसलंच तर त्याला अडवायला कोटाआड हत्यार, चेहऱ्यावर हसू, आणि आत येणाऱ्या म्हाताऱ्यांना हाताला धरून बाकापर्यंत पोचवायचं, असं ते काम. नियम त्यांनीच केलेला होता: हत्यार क्षणभरही अंगावेगळं ठेवलं, तर पथकातून कायमचा बाहेर. मग तो कोणी का असेना. त्या पथकात गेलं की ‘गालिचेवाले’ बंद होईल, एवढीच लोवेलची आशा होती.

रविवार उजाडला. लोवेल चर्चमध्ये पोचला आणि सरळ स्वच्छतागृहात गेला. एवढं जड लोढणं पँटीबरोबर खाली जाऊन फरशीवर आपटू नये, म्हणून त्याने ते काढून कागदाच्या रिळावरच्या फळीवर ठेवलं. बाहेर प्रार्थनागीत सुरू झालं. लोवेल गडबडीने हात धुऊन बाहेर आला, बाकावर बसला, आणि त्याला एकदम फार मोकळं मोकळं वाटायला लागलं. पँट कमरेवरून घसरत होती.

पिस्तूल आत फळीवरच राहिलं होतं! उठून जावं, तर रॉयस दारातच उभे. त्याने एका हाताने पँट धरली आणि गीत संपायची वाट बघत बसला. पण गीत संपायच्या आत ब्रदर एमोस, म्हणजे त्यांचे पाद्री, बाजूच्या दाराने आत आले. हातात रुमालात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

“मंडळी,” ते म्हणाले, “पुरुषांच्या स्वच्छतागृहात मला हे सापडलं. गोळ्या मी काढून ठेवल्यात. आधी देवाचे आभार मानू, की एखाद्या लेकराच्या हाती लागलं नाही.”

लेकराच्या हाती! हे तर लोवेलच्या डोक्यातही आलं नव्हतं. इकडे सगळं चर्च आपापल्या कमरा चाचपायला लागलं. ट्वायलाने पर्स दाबून पाहिली आणि मग हळूच नवऱ्याकडे पाहिलं. दारात उभे असलेले रॉयस मात्र वाकले आणि त्यांनी चोरून आपला पायमोजा चाचपला. लोवेलने ते पाहिलं. पंचेचाळीस कधी पायमोज्यात मावतं का?

“पंचेचाळीसचं आहे,” ब्रदर एमोस म्हणाले.

झालं! सगळ्या माना रॉयसकडे वळल्या.

“अगंबाई, रॉयस!” पियानोवरच्या ओडेसाबाई हसून म्हणाल्या. “वय झालं हो तुमचं!”

“माझं नाही ते,” रॉयस म्हणाले.

“मग तुमचं दाखवा बघू!”

रॉयसचा हात खाली निघाला, अर्ध्यावर थांबला आणि परत वर आला. चेहरा बीटासारखा झाला होता. ते पुढे गेले आणि त्यांनी रुमाल उचलला. “हो, माझंच. विसरलो. नियम म्हणजे नियम. आजपासून मी पथकात नाही.”

चर्चमध्ये कुणी हसलं नाही. लोवेलला वाटलं, आपल्यासारखा नालायक माणूस उभ्या टेक्सासात नसेल. गप्प बसलं तर सुटलोच, हे त्याला पक्कं कळत होतं, आणि त्याचीच त्याला जास्त शरम वाटली. तो ताडकन उभा राहिला आणि दोन्ही हात वर करून ओरडला, “माझं आहे ते! सर, माझं आहे!”

दोन्ही हात वर गेले आणि पँट खाली गेली.

आतल्या चड्डीवर ससे होते. ट्वायलाने हौसेने आणली होती. हसू ओसरायला बराच वेळ लागला आणि ते ओसरल्यावर ओडेसाबाईंनी विचारलं, “पण मग रॉयस, तुमचं कुठंय?”

बुडणाऱ्याने होडी उलटवणाऱ्याकडे पाहावं तसं रॉयसनी लोवेलकडे पाहिलं. मग पायमोज्यातून काढून त्यांनी दाखवलं. नऊ मिलिमीटरपेक्षाही बारीक, बावीस बोअरचं, पाव इंचाहूनही लहान गोळीचं. लोक त्याने डबे उडवायचा खेळ खेळतात.

प्रार्थनेनंतरची जेवणं चर्चच्या मागच्या अंगणात होती. पण सासरे-जावई गाडीआड उभे होते. हातातल्या थाळीत अंडी तशीच पडली होती.

“गप्प बसता येत नव्हतं?” रॉयस म्हणाले.

“लाज वाटली हो, सर.”

“आता दोघांना वाटतेय.” त्यांनी सुजलेला अंगठा चोळला. “सांधेदुखीने खाल्लं. पंचेचाळीसचा वरचा भाग मागे ओढून गोळी चढवायलाच होत नाही. कपाटात पडलंय कधीपासून. लोकांना काय सांगणार?”

तिकडे अंगणात टाळ्या वाजल्या. पथकाची प्रमुख म्हणून मंडळींनी ट्वायलाला निवडलं होतं. ती पर्स खांद्याला लावून सगळ्यांना वाकून नमस्कार करत होती. दोघांनी माना खाली घातल्या.

मग रॉयसनी इकडेतिकडे पाहिलं, आणि ते अगदी हळू आवाजात म्हणाले, “लोवेल.”

लोवेल दचकला. एका हाताने पँट सावरत म्हणाला, “सर?”

“ते नऊचं... अंगठ्याला फार जोर लागतो का रे?”